पुढचं दार

गुरुदत्त तळपदे दिवसा फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकुनी करत आणि संध्याकाळी परळच्या रात्रशाळेत गिरणी कामगारांना इंग्रजी शिकवत. राहायला गिरगावात. घरात बायको सुमती आणि ते, तिसरं माणूस नाही. म्हणून असेल, पण वर्गातल्या पोरांत त्यांचा जीव फार. पोरं आपली म्हणायची एवढंच. कुणी साच्यावर कापड विणत उभा राहणारा, कुणी रंगखात्यात हात निळे करून घेणारा. दोघातिघांची लग्नं होऊन घरी लेकरंही होती. दिवसभर यंत्रापुढे उभी राहिलेली ही माणसं संध्याकाळी लहान मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसत, तेव्हा तळपदेसरांना आपल्या ऑफिसातला दिवस फारच सोपा गेला असं वाटे.

अकरावीची परीक्षा झाली की सर त्या वर्गाला एकदा बाहेर जेवायला नेत. बरीच वर्षं चालत आलेला तो रिवाज होता. फक्त गेल्या वर्षी खंड पडला. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून तोडल्याची बातमी आली आणि लालबाग-परळ पेटलं. गोळीबार झाले, संचारबंदी लागली, रात्रशाळेला कुलूप पडलं. कुलूप निघालं तेव्हा वर्गातला गुणाजी नव्हता. तो मोर्च्यातून परतत होता. मोर्चा पांगला होता, घर हाकेच्या अंतरावर होतं आणि काळाचौकीच्या वळणावर त्याला गोळी लागली. त्याच्याच बाकावर बसणाऱ्या रामजी ओव्हाळने त्याला पाठीवर टाकून इस्पितळापर्यंत नेलं. तिथे पोचेतो पाठीवरचं ओझं जड झालं होतं. रामजीने हे कधी कुणाला सांगितलं नाही. जे बरोबर धावत होते त्यांनी सांगितलं. त्या वर्षी जेवणाचं नाव कुणी काढलं नाही.

गुणाजी जगता तर यंदा याच वर्गातून परीक्षेला बसला असता.

सत्तावन्न सालचा मार्च संपत आला. परीक्षा झाली, पेपर बरे गेले, आणि सरांनी विचारलं, "मग काय मंडळी, जेवायला कुठे जायचं?"

दत्ताराम उठून उभा राहिला. हा वर्गाचा म्होरक्या; सावंतवाडीकडचा, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. "सर, जागा ठरलेली आहे. गुणाजीने ठरवून ठेवलीन. दादरला हिंदमाता टॉकीजच्या मागे राधाबाईंची खानावळ आहे ना, तिथल्या पुरणपोळीचं वेड होतं त्याला. एकदाच कुणीतरी नेलं होतं. म्हणायचा, अकरावीचा पेपर दिला की सगळ्यांनी तिथेच पंगत मारायची. आमच्याकडून कबूल करून घेतलं होतंन मेल्याने."

 जवळजवळ सगळेच हो म्हणाले. सरांची नजर सहज रामजीकडे गेली. तो हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. बाकावरच्या एका जुन्या चरेवरून अंगठा फिरवत बसला होता.

राधाबाईंची खानावळ सरांना परकी नव्हती. लग्नाआधी ते दादरला काकांकडे राहत, तेव्हा काही महिने तिथेच जेवत. राधाबाई तेव्हा नुकत्याच विधवा झालेल्या. नवऱ्यामागे दिरांनी हात वर केले, तेव्हा या बाईने पदर खोचून चूल पेटवली आणि चार माणसांचं जेवण करता करता चाळीस माणसांचं करू लागली. सर पंगत ठरवायला गेले तेव्हा त्यांचे केस पिकले होते, पण ताक अजून स्वतःच्या हाताने घुसळत होत्या.

"या मास्तर," त्या म्हणाल्या. "आज कशी वाट चुकलात?"

सरांनी सांगितलं. रविवारची पंगत, केळीच्या पानावर, पुरणपोळी. वर्गातली मुलं.

"गिरणीतली ना? येऊ देत की. मुलं कुठली कुठली आहेत?"

प्रश्न कशासाठी आहे हे सरांच्या लक्षात आलं, तोवर त्यांच्या तोंडून नावं निघून गेली होती. ओव्हाळ म्हणताच राधाबाईंचा हात थांबला.

"रामजी ओव्हाळ? नायगावचा? म्हणजे आमच्या जाईचा मुलगा." त्या थोड्या हसल्याही. "एवढा शिकला? बरं झालं. बापामागे फार काढलं त्या बाईने."

मग त्यांनी आवाज उतरवला. "मास्तर, मी कुणाला नाही म्हणत नाही. कायदा झालाय, तो मलाही कळतो. पण माझी बांधील गिऱ्हाइकं जुन्या वळणाची. ती पानावरून उठून गेली तर मी बाईमाणूस काय करू? असं करते, त्याचं पान आतल्या खोलीत मांडते. तुम्ही बसा वाटलं तर त्याच्याबरोबर. तव्यावरची पोळी पहिली त्याला वाढीन."

त्यांच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता. उलट माया होती, आणि तीच सरांना सोसेना. काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. ते "कळवतो" एवढंच म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले.

गिरगावात पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. परळ नाक्यावरचा इराणी काय वाईट आहे? तिथे कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. आम्लेट, खिमा, पाव, वर चहा. पोरं खूश होतील आणि रामजीला कशाचा पत्ताही लागणार नाही.

सुमतीबाई कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रामजीला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? अवघड होईल त्याला."

"कुणाला अवघड होईल ते त्याचं त्याला सांगू द्या की."

 दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी सांगितलं, राधाबाईंकडे त्या रविवारी जागा नाही, आपण इराण्याकडे जाऊ. दत्तारामचा चेहरा उतरला. "पुढच्या रविवारी जाऊ सर," तो म्हणाला. "पुढच्याही नाही," सर म्हणाले आणि फळा पुसायला वळले. तो पुसलेलाच होता.

वर्ग सुटल्यावर रामजी मागे राहिला. बारीक अंगाचा, सावकाश बोलणारा मुलगा. मुलगा कसला, पंचविशी उलटून गेलेली. गिरणीत तो बॉबिनखात्यात होता.

"सर, तिथे जागा आहे ना?"

सरांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला.

"त्यांनी आडनावं विचारली असतील," रामजी म्हणाला. "माझी आई त्या खानावळीच्या मागच्या दारी कामाला होती. मोरी धुवायची, पंगत उठली की मागे टाकलेली उष्टी पानं गोळा करून न्यायची. मी जन्मायच्या आधीपासून. उरलंसुरलं राधाबाई द्यायच्या, आम्ही त्याच्यावर वाढलो. वाईट नव्हत्या त्या. मला विषमज्वर झाला तेव्हा पेज करून पाठवायच्या. पण भांडं खाली ठेवून मागे सरायच्या, मग आई उचलायची. नागपूरला दीक्षा झाली, आम्ही सगळे जाऊन आलो, आणि आल्यावर आईने ते काम सोडलं. सांगायलासुद्धा गेली नाही. म्हणाली, त्यांना कळंल."

"मला हे माहीत नव्हतं, रामजी."

"गुणाजीलाही नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. तो त्या पोळीचं वर्णन करायचा आणि मी ऐकून घ्यायचो. तुम्ही इराणी कशासाठी ठरवलात ते मला समजलं. पण मग गुणाजीच्या मनातलं जेवण माझ्यापायी राहिलं असं होईल, आणि ते मला जन्मभर पुरेल. सर, मला तिथंच जायचंय. आणि आईला घेऊन यायचंय, तुमची हरकत नसेल तर."

"अरे, त्या तुझं पान आतल्या खोलीत मांडणार म्हणतात."

"बाहेर मांडा म्हणून सांगा. नाही म्हणाल्या तर म्हणू देत. पण त्यांनी म्हणू दे, सर. त्यांच्या आधी तुम्ही म्हणू नका."

शेवटचं वाक्य त्याने अगदी हळू उच्चारलं होतं. घरी जाताना सरांच्या कानात तेवढंच राहिलं. आपण त्याला जपत होतो, असं त्यांना कालपर्यंत वाटत होतं. जपलं होतं ते स्वतःला. राधाबाईंपुढे तोंड उघडण्यापासून.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून लवकर निघाले आणि दादरला गेले. या वेळी त्यांनी बसायला नकार दिला. उभ्या उभ्याच म्हणाले, "राधाबाई, सगळ्यांची पानं एका ओळीत मांडायची. रामजीची आई पण येणार आहे. जमत नसेल तर तसं मला तोंडावर सांगा."

राधाबाईंनी ताकातली रवी काढून बाजूला ठेवली. आत भाजणीचा वास सुटला होता.

"जाई येणार? पुढच्या दाराने?"

"हो."

"रविवारी पहिल्या पंगतीला या," त्या म्हणाल्या. "मांडते. पुढचं देवाला ठाऊक."

सरांनी वर्गाला खरं काय ते सांगितलं, आपण खोटं बोललो हेही. दत्ताराम ऐकता ऐकता लाल झाला. "मोर्च्याला आम्ही हातात हात अडकवून चाललो सर. गोळी आली तेव्हा रामजीने गुणाजीला पाठीवर घेतला. तेव्हा कुणी आडनाव विचारलं नाही. आता जेवायला बसताना विचारणार?" तो भांडायच्याच तयारीत होता. रामजी त्याला म्हणाला, "तू तिथे काही बोलायचं नाहीस. नुसता जेव."

रविवारी हिंदमातापाशी सगळे जमले. सगळे म्हणजे दोघे कमी. एकाने ताप आल्याचा निरोप पाठवला होता, दुसऱ्याने तोही पाठवला नव्हता. रामजी आईला घेऊन आला. जाईबाई उंच, काटक बाई. धुवट पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, डोक्यावरून पदर. तिने सरांना हात जोडले. गल्लीत वळल्यावर तिची पावलं आपोआप खानावळीच्या कडेच्या बोळाकडे गेली, मागच्या दाराच्या वाटेने. मग ती थांबली, वळली आणि लेकाच्या मागोमाग पुढच्या पायऱ्या चढली.

आत लांबट खोली. दोन्ही भिंतींना पाट मांडलेले. एका बाजूला नेहमीची माणसं बसली होती, कारकून, मास्तर, एक म्हातारे वकील. दुसऱ्या बाजूची ओळ या मंडळींची. राधाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. दोन्ही बायकांची नजरानजर झाली. कुणी हसलं नाही.

"बसा," राधाबाई म्हणाल्या.

जाईबाई लेकाच्या आणि सरांच्या मधे बसली. समोर केळीचं पान, त्यावर पाण्याचे थेंब. ती त्या कोऱ्या पानाकडे इतकी एकटक पाहत होती की सरांनी मान दुसरीकडे वळवली.

समोरच्या ओळीत कुजबूज झाली. कुणीतरी तिला ओळखलं होतं. एक जण उठला, त्याच्यामागे आणखी दोघे उठले. एकाने जाता जाता उंबऱ्याकडे पाहून म्हटलं, "राधाबाई, आम्हाला सांगायला तरी हवं होतंत."  म्हातारे वकील जागचे हलले नाहीत. पण ते सगळा वेळ खाली पाहूनच जेवले, त्यामुळे ते का थांबले हे कुणालाच कळलं नाही.

वाढपी मीठ-लिंबापासून वाढत आला. जाईबाईच्या आणि रामजीच्या पानाशी आला की त्याचा हात उंच जाई आणि पदार्थ वरून पडे. आमटी उडून जाईबाईच्या लुगड्यावर शिंतोडे आले. दत्तारामचा घास हातातच राहिला. रामजीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने घास गिळला. मग पोळ्यांचं ताट घेऊन राधाबाई स्वतः बाहेर आल्या. त्या प्रत्येकापुढे वाकून वाढत होत्या. जाईबाईपुढेही तशाच वाकल्या, पोळी पानावर टेकवली, वर तुपाची धार धरली.

 जेवताना एकदा दत्ताराम म्हणाला, "गुणाजी खोटं सांगत नव्हता," आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

जेवून झालं. जाईबाईने आपलं पान आपल्याकडे दुमडलं आणि दुसरा हात सरांच्या पानाकडे गेला. बोटांनी पानाची कडा धरलीसुद्धा.

"आई," रामजी म्हणाला.

तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

वाढपी पानं उचलायला आला. एकेक उचलत गेला आणि दोन पानं मागे ठेवून आत निघाला. जाईबाईचं आणि रामजीचं.

"ती दोन राहिली," राधाबाई म्हणाल्या.

"माझ्याच्याने होणार नाही," तो म्हणाला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

दाराबाहेर दुसऱ्या पंगतीची माणसं ताटकळत होती; त्यांतली दोनचार आत डोकावू लागली. सरांना राहवेना. ते वाकले आणि त्यांनी जाईबाईच्या पानाला हात घातला.

"मास्तर, ऱ्हाऊ द्या," जाईबाई म्हणाली. खानावळीत शिरल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "तुम्ही जेवाय आलाय. म्या बी जेवाय आली. जेवणाऱ्यानं पान उचलायचं न्हाई, ह्या घरची रीत म्या लई वरसं बघितली हाय. ज्येचं काम हाय त्यो उचलंल. आम्ही बसतो."

आणि ती बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. रामजी बसला. सर पुन्हा पाटावर टेकले. दत्ताराम उठलेला होता, तोही खाली बसला आणि मग सगळी ओळच बसली. कुणी आवाज चढवला नाही. बाहेरचे विचारत होते, काय झालं, पंगत का उठत नाही? आत फक्त दोन पानं होती आणि पाटांवर बसलेली माणसं.

राधाबाई उंबऱ्यात होत्या. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटल्यासारखे हलले. एकदा त्यांनी मागे देवघराकडे पाहिलं. मग पदर खोचला, ओळीशी आल्या, गुडघ्यावर हात देऊन वाकल्या आणि रामजीचं पान उचललं. मग जाईबाईचं. दोन्ही पानं एकावर एक धरून त्या सरळ झाल्या तेव्हा त्यांना जरा धाप लागली होती.

"जाईबाई," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिला नुसतं जाई म्हटलं होतं. "पोट भरलं का?"

"भरलं."

"आणखी एखादी पोळी घ्यायची होतीत."

"नगं. लई झालं."

एवढंच दोघींचं बोलणं झालं. राधाबाई पानं घेऊन आत गेल्या. मंडळी हात धुऊन पुढच्या पायऱ्यांनी उतरली. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

कोपऱ्यावर रसवंतीपाशी सगळे थांबले.  जाईबाईने लुगड्यावरचा आमटीचा डाग पदराने पुसून पाहिला. तो निघाला नाही.

"आमटी आंबट असती व्हय त्यांची?" ती लेकाला म्हणाली. "आपल्याकडं यायची तवा समदं एकात एक झाल्यालं. निरनिराळं कसं लागतं ते कधी कळलंच न्हाई."

रामजी हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. त्याने तोंड फिरवलं. दत्तारामने त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बराच वेळ तो काढला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. रामजी पास झाला, दत्ताराम गणितात राहिला. पुढे काही दिवसांनी सर दादरला गेले असता खानावळीत डोकावले. राधाबाई वाळवणं आत घेत होत्या. आधीपेक्षा वाकल्यासारख्या वाटल्या.

"वाढपी त्याच दिवशी गेला," त्यांनी सांगितलं. "बांधील गिऱ्हाइकांतले तिघे उठून गेले होते, त्यातला एक परत आला. दोघे नाही आले. मागच्या मोरीला माणूस मिळत नाही, मीच धुते." ही तक्रार होती की नुसतीच हकिगत, सरांना ओळखता आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "तो मुलगा पास झाला का?"

"झाला."

"मग एकदा पाठवा त्याला. त्याच्या आईलाही."

सरांनी तो निरोप रामजीला दिला. रामजी तेव्हा कॉलेजात नाव घालायच्या खटपटीत होता. सकाळी कॉलेज, दुपारपाळी गिरणी, असं काहीतरी जमवत होता. त्याने निरोप ऐकून घेतला.

"त्यांना सांगा सर, आठवण काढली ते आईला पोचवीन," तो म्हणाला. "पण जाणार नाही. एकदा जायचं होतं, गेलो."

तो फॉर्मवरचं एक वाक्य सरांकडून समजून घ्यायला आला होता. सरांनी चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि दोघे कामाला लागले.